ने

रावपुऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही बडोद्याची मराठी साठवतो.
आजवर आठ लाख बारा हजार शब्द:
भिशीच्या वह्या, मंडळाची इतिवृत्तं,
तारीख चुकली म्हणून न वाटलेल्या लग्नपत्रिका,
एका शिंप्याचं मापांचं रजिस्टर,
आणि चाळीस माणसांचं मुद्रित बोलणं,
पंख्याच्या घरघरीसकट.

संगणक शब्दाला मधोमध उभा करतो
आणि आजूबाजूचं सगळं छाटतो.
पाच शब्द अलीकडे, पाच पलीकडे.
एवढ्या फटीतून मी दिवसभर बघत बसते.
'पगार'च्या शेजारी बहुतेकदा 'अजून'.
'सून'च्या आधी 'आमची', नंतर 'पण'.
'प्रेम' एकूण एकोणीस वेळा,
त्यातलं चौदा वेळा पुढे 'टेलर्स'.
दूध सहाशे.

मार्चमध्ये माझ्या वाट्याला आला 'ने'.
दोन हजार तीनशे ओळी, प्रत्येकीला खूण करायची.

        सुरीने नको, हाताने तोड

ही तृतीया, शाळेत घोकलेली.

        जाताना तेवढा डबा ने

हे क्रियापद. आज्ञार्थ.

        तू येशील ने उत्तरायणाला

इथे पुण्याहून आलेले तपासनीस थांबले.
म्हणाले, इथे 'ना' हवा. टंकदोष.
हेमल हसली. तिच्या घरी गुजराती.
'भूल नथी, सर. ए तो अमारो छे.'

त्यांचाच. कधीतरी वाटीभर साखरेबरोबर
भिंतीवरून इकडे आला
आणि वाटी परत करताना
आम्ही ठेवून घेतला.
बस ने. सांग ने. जरा थांब ने.
'ना'पेक्षा किंचित खालच्या सुरात,
हट्टाने हात जोडल्यासारखा.
मी नवी खूण काढली: आर्जव.
तपासनिसांनी पुढे प्रश्नचिन्ह घालून राहू दिली.

मग यादी साफ करायच्या दिवशी
यंत्राने कळवलं: पुनरुक्ती, एकशे सहा ठिकाणी.
तो तो. पण पण. आणि आणि.
बोलताना माणूस अडखळतोच.
एकेक काढून टाकू?
मी हो म्हणणारच होते, चहा आला होता,
म्हणून जरा खाली सरकले. सत्त्याऐंशीवी ओळ:

        झालं ने तुमचं, आता मला घरी ने ने

फीत चौतीस. रंगराव मोहिते, वय एक्याऐंशी,
धंदा: लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट.
स्थळ: वृद्धाश्रम, वाघोडिया रोड.
पहिला ने क्रियापद.
दुसरा आर्जव.
मधे श्वासापुरतीही जागा नाही.

हेडफोन लावून मी पुन्हा ऐकलं.
ते म्हणतात. पंखा घरघरतो.
मग एका बाईचा आवाज, स्वच्छ, हसरा, प्रमाण:
'छान काका, आता तक्त्यातला पुढचा शब्द वाचा.'
ते थोडं थांबतात.
वाचतात, 'टोपली.'

तो आवाज माझा होता.
संग्रहात तो धरलेला नाही;
मुलाखत घेणाऱ्याचं बोलणं वगळावं, असा नियम आहे.
तारीख बघितली. गेला नोव्हेंबर.
त्या दिवशी घरी आल्यावर मी काय केलं
ते आठवेना. बहुतेक टोपलीचा उच्चार
दोनदा तपासला असेल.

यंत्र अजून विचारत होतं, काढून टाकू?
नाही, म्हटलं. दोन्ही राहू दे.

चहावर साय धरली होती.
हेमलने स्कूटरची किल्ली
माझ्या वहीवर ठेवली.
'जाशील ने?'